खूण नसलेल्या पेशी

ताई परदेशी गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिने मला पेशी गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीपाशी नेलं. जाड निळे हातमोजे घातले, झाकण उचललं, पांढरी वाफ बाजूला होईपर्यंत थांबली आणि आतून एक डबा वर ओढला. डब्यात बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या बारा व्हायल, म्हणजे कुप्या, उभ्या होत्या. प्रत्येकीवर ताईच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात पेशींचं नाव.

"या बारा तुझ्या," ती म्हणाली. "माझी पाच वर्षं आहेत यात. जपून वापर."

मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

ताई माझी नात्याने कुणी नव्हती. काशीमिऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका ट्रस्टचं छोटं संशोधन केंद्र होतं. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचे खोके बनायचे. त्यांचं मशीन सुरू असलं की आमच्या मायक्रोस्कोपखालचं चित्र थरथरायचं, म्हणून पेशी मोजायच्या त्या दीड ते दोनच्या दरम्यान, कामगार जेवायला बसले की. केंद्रात आमचे गाइड, म्हणजे सर, एक टेक्निशियन बाई आणि आम्ही चार-पाच विद्यार्थी. ताई माझ्या पाच वर्षं पुढे होती. ती राईची. घरची खाडीकाठची शेती, त्यातल्या निम्म्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. मी भाईंदरची. बाबा टेलिफोन खात्यात होते, नांदेडहून बदली होऊन मुंबईत आले आणि इथल्या वन-रूम-किचनमध्ये स्थिरावले. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं तीन. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "बेटी कॅन्सर पे काम करती है," आणि शेजारी माझ्याकडे थोडं घाबरून बघायचे, जणू मी आजार घरी घेऊन येते.

आम्ही ज्यांच्यावर काम करायचो त्या पेशी उंदराच्या लिम्फोमाच्या. लिम्फोमा म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच होणारा कॅन्सर. कित्येक दशकांपूर्वी कुठल्याशा लॅबमध्ये एका उंदराला तो झाला, त्याच्या गाठीतल्या पेशी काढून भांड्यात वाढवल्या, आणि त्या अजून वाढतायत. उंदीर केव्हाच मेला. त्याच्या पेशी मात्र एका लॅबने दुसरीला, दुसरीने तिसरीला देत देत जगभर गेल्या. अशा न थांबता वाढणाऱ्या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात.

आमच्याकडे या लाइनचे दोन प्रकार होते. एक साधा. दुसऱ्यात कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या एका प्रथिनाचं जनुक घातलेलं. उंदराच्या अंगात अंड्याचं प्रथिन असायचं काही कारण नाही, त्यामुळे ती पेशीवरची एक खूण ठरते. ती खूण ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे शरीरातल्या मारेकरी पेशी, भांड्यात सोडल्या की त्या खूण असलेल्या कॅन्सर पेशींना हुडकून मारतात. प्रतिकारशक्ती कॅन्सरला कशी ओळखते, हे समजून घ्यायचा हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. फक्त एक गोष्ट. साध्या पेशी आणि खुणेच्या पेशी दिसायला अगदी सारख्या. मायक्रोस्कोपखाली बघून त्या कुणालाही वेगळ्या सांगता येत नाहीत. व्हायलवर काय लिहिलंय, त्यावरच सगळं.

ताईच्या प्रबंधात टी पेशी या खुणेच्या पेशींना कशा मारतात ते होतं. सरांनी मला पुढचा प्रश्न दिला होता. त्यातल्या काही पेशी निसटतात, त्या कशा?

ताईने मला सगळं हाताला धरून शिकवलं होतं. हुडच्या, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या, काचेआड हात घालून कोपर कुठे टेकवायचं, पिपेटचं टोक फ्लास्कच्या तोंडाला लागू द्यायचं नाही, मीडियमचा, म्हणजे पेशी ज्या द्रवावर जगतात त्याचा, गुलाबी रंग पिवळटायला लागला की पेशींना भूक लागली समजायचं. गोठवलेली व्हायल कोमट पाण्यात किती वेळ हलवायची, हे तिने घड्याळाने नाही तर आत हरभऱ्याएवढा बर्फ उरेपर्यंत असं सांगितलं होतं. माझ्या हातून पहिला फ्लास्क बुरशीने गेला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ती बाहेर उभी राहिली. "माझे सात गेले होते," ती दारातून म्हणाली. "चल, भूक लागलीय."

रविवारी ती मला राईला घेऊन जायची. भाईंदर स्टेशनबाहेरून बस. तिची आई मला बघितलं की म्हणायची, "काय गो, यवढी सुकलीस? त्या उंदरांच्या पायी जेवत न्हाय का?" आणि बोंबील वाढायची. आमच्या घरी बोंबील कुणी खात नव्हतं. मी तिथे शिकले.

ती गेली आणि मी पहिली व्हायल काढली. पेशी छान वाढल्या. मी शेजारच्या मोठ्या संस्थेतून उंदरांच्या टी पेशी बर्फाच्या डब्यात घेऊन आले, रिक्षात डबा मांडीवर धरून. दोन्ही एकत्र केल्या. दुसऱ्या दिवशी मोजल्या. कॅन्सरच्या पेशी जवळजवळ सगळ्या जिवंत.

मी ताईला व्हिडिओ कॉल केला. तिच्याकडे सकाळ होती, ती ब्रेड भाजत होती.

"टी पेशी मरगळल्या असतील," ती म्हणाली. "रिक्षात हिंदकळतात. डबा नीट धरतेस ना?"

पुढच्या वेळी मी टॅक्सी केली. तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळी साध्या पेशींवर बाहेरून खूण चिकटवली, हा नेहमीचा पडताळा असतो, आणि टी पेशींनी त्या साध्या पेशी फटाफट मारल्या. म्हणजे टी पेशी धडधाकट होत्या. फक्त ताईच्या पेशींना त्या हात लावत नव्हत्या.

"मग तुझ्या पेशींचं काहीतरी होतंय," ताई म्हणाली. "फार जोराने पिपेट करतेस तू. मी सांगितलं होतं. तुझा हात अजून जड आहे."

मी हात हलका केला. पेशींना वाट बघायला लावू नये म्हणून दुपारचं जेवण चार वाजता जेवायला लागले. मीडियममधलं सीरम बदलून पाहिलं. आठ महिन्यांनी सर म्हणाले, "कदाचित हेच तुझं उत्तर आहे. पेशी खूण लपवतायत." त्या दिवशी मी हवेत चालत घरी आले. बाबा गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. "लेकरं बरी हायेत का तुझी?" त्यांचा रोजचा प्रश्न. मी म्हटलं, "बाबा, त्या हुशार आहेत. लपतायत." बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी समोरच्या गुजराती काकांना बोलावून सांगितलं.

पुढचं दीड वर्ष मी त्या लपण्यामागचं कारण शोधत होते. खुणेला चिकटून चमकणारी अँटिबॉडी लावून खूण तपासली तर ती अगदी फिकट दिसायची, इतकी की आहे म्हणावं की नाही कळू नये. मी आहे म्हणायचे. खूण लपवली म्हणून फिकट, असं वहीत लिहायचे. खरं तर पेशीच्या आत ते अंड्याचं जनुक आहे का, हे बघणारी एक दिवसाची साधी चाचणी असते. ती मी केली नाही. ताईच्या प्रबंधात ती होती, तिचा छापलेला पेपर होता, फोटो होता. घरच्या मोठ्या माणसाने हातात दिलेल्या डब्यात काय आहे, हे आपण उघडून बघत नाही. तसं झालं माझं.

दर दोन-तीन आठवड्यांनी मी तिला फोन करायचे. ती कधी टाळायची नाही. माझे आकडे नीट ऐकायची, प्रश्न विचारायची आणि शेवटी कुठल्या तरी मार्गाने माझ्या हातांवर यायची. मी तिचे आभार मानायचे.

तिसऱ्या वर्षी केंद्रात सामान हलवलं. कपाटांच्या मागे जुन्या फाइली निघाल्या. टेक्निशियन बाईंनी त्या माझ्या टेबलावर आणून टाकल्या. त्यात या पेशी मुळात ज्या लॅबकडून आल्या होत्या, तिथल्या सूचनांचा कागद होता, पिवळा पडलेला. त्यावर खाली, ठळक अक्षरात लिहिलं होतं की खुणेच्या पेशी कायम एका औषधात वाढवाव्यात. ज्या पेशींत खूण घातली त्यांत या औषधाला पुरून उरणारं आणखी एक जनुक घातलेलं असतं. औषधात खुणेच्या पेशी जगतात, साध्या मरतात. म्हणजे जी पेशी खूण टाकून देईल ती आपोआप गळते आणि वंश शुद्ध राहतो.

ताईने मला हे औषध घालायला मनाई केली होती. मी सुरुवातीलाच विचारलं होतं. "घालू नकोस," ती म्हणाली होती. "पेशींवर ताण येतो, वाढ मंदावते. तो कागद जुना आहे."

मी तेव्हा तिचा संशय घेतला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला वाटलं, औषध नसल्यामुळे हळूहळू खूण नसलेल्या पेशींची गर्दी झाली असेल आणि ती औषधाने निवडून काढता येईल. मी तीन फ्लास्क लावले. एकात ताईच्या पेशी औषधासह, दुसऱ्यात साध्या पेशी औषधासह, तिसऱ्यात ताईच्या पेशी औषधाशिवाय.

सातव्या दिवशी दीड वाजता खालचं मशीन थांबल्यावर मी मोजायला बसले. मोजताना पेशींत एक निळा रंग घालतात. जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही, ती गोल आणि चकचकीत दिसते. मेलेली पेशी निळी होते. औषधाशिवायचा फ्लास्क चकचकीत पेशींनी भरलेला होता. साध्या पेशी निळ्या. मग ताईच्या पेशींचा थेंब ठेवला. निळ्या. दुसरा थेंब घेतला. सगळ्या निळ्या. काही जगल्या असत्या तर माझा अंदाज खरा ठरला असता. एकही नव्हती.

पहिला विचार हाच आला की माझ्याच हातून फ्लास्क अदलाबदल झाले. मी नवी व्हायल काढली. पुन्हा सात दिवस. निळ्या. मग उरलेल्यांपैकी दोन एकदम काढल्या आणि नावं लिहिताना टेक्निशियन बाईंना शेजारी उभं केलं. निळ्या. शेवटी ती एक दिवसाची चाचणी केली. जिथे अंड्याच्या जनुकाची रेघ दिसायला हवी, तिथे जेल, म्हणजे अशा रेघा ज्या पातळ वडीत उमटतात ती, कोरं होतं. जी फिकट खूण मी दीड वर्षं बघत होते ती नुसती पार्श्वभूमीची चमक होती. सगळ्या अँटिबॉडींना असते तशी.

मी संध्याकाळी बाईंना विचारलं, "या व्हायल ताईने कधी गोठवल्या, आठवतंय?"

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "रजिस्टर बघ की," त्या म्हणाल्या.

नायट्रोजन हळूहळू उडून जातो, म्हणून ज्याची पाळी असेल त्याने दर आठवड्याला फोन करून टेम्पो बोलवायचा, आणि तो आमच्या दोन्ही टाक्या भरून जातो. कुणाची पाळी, कधी भरली, कुणी काय काढलं आणि ठेवलं, सगळं एका लांब रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. पानं मागे उलटत मी ताई परदेशी जायच्या पाच महिने आधीपर्यंत गेले. ताईच्या पाळीचा एक आठवडा रिकामा होता. दोन टाक्यांपैकी खुणेच्या पेशी जिच्यात असत ती पहिली, लहान टाकी त्या आठवड्यात भरलीच नव्हती. पुढच्या सोमवारी ताईच्या अक्षरात लिहिलं होतं की दुसऱ्या टाकीतून साध्या पेशींच्या दोन व्हायल काढल्या. त्यानंतर अकरा दिवसांनी, तिच्याच अक्षरात, खुणेच्या पेशींच्या चौदा व्हायल ठेवल्या. खुणेच्या पेशी कुठून काढल्या, त्याची नोंद कुठेच नव्हती.

पहिली टाकी कोरडी पडली होती. तिच्या सगळ्या पेशी वितळून मेल्या होत्या. आणि तिने साध्या पेशी वाढवून त्यांच्यावर दुसरं नाव लिहिलं होतं.

बाईंना ती टाकी आठवत होती. "झाकणाला बर्फ नव्हता," त्या म्हणाल्या. "मी तिला म्हटलं पण. ती बोलली, मी बघते."

सरांकडे गेले तेव्हा त्यांनी रजिस्टर बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं ते चिडतील, तिला फोन करतील.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"चांगलं केलंस. हे आपण घरातल्या घरात मिटवू. तुला नव्या पेशी मागवून देतो."

"सर, तिचा पेपर आहे. शेवटचा प्रयोग टाकी कोरडी पडल्यानंतरचा आहे."

"तो पेपर माझाही आहे," सर म्हणाले. मग जरा मऊ होऊन, "मला वाटत होतं अडचण तुझी आहे. तिने मला लिहिलं होतं, तुझा हात अजून बसलेला नाही म्हणून. त्यामुळे तर मी तुला त्या बंगळुरूच्या परिषदेला पाठवलं नाही."

रजिस्टरपेक्षा मला सरांचं हे वाक्य जास्त लागलं. ती माझ्याशी ब्रेड भाजत बोलायची, माझे आकडे ऐकून घ्यायची, आणि मग त्यांना हे लिहायची. मी सरांच्या खोलीतून बाहेर आले आणि हुडसमोर जाऊन बसले. काम काही नव्हतं. नुसते हात आत घालून बसले.

मग मला त्या चौदांतल्या उरलेल्या दोन आठवल्या. माझ्याकडे बाराच होत्या. बाई म्हणाल्या, दोन पुण्याच्या एका लॅबला पाठवल्या, त्यांनी पेपर वाचून मागितल्या होत्या. सरांना विचारलं असतं तर ते थांब म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही. त्या लॅबला फोन लावला. ज्या मुलीने पेशी मागवल्या होत्या ती आता तिथे नव्हती. तिथल्या एकाने तिचा नंबर दिला.

ती क्लासमध्ये शिकवत होती, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं आणि पेशींचं सांगितलं.

"त्या साध्याच होत्या?" ती म्हणाली.

"हो."

"मी दीड वर्षं केलं. एकदाही जमलं नाही. शेवटी गाइड म्हणाले, तुझ्याकडून प्रयोग होणार नाही, एमएस्सीवर समाधान मान." ती थांबली. "म्हणजे माझं बरोबर येत होतं?"

"तुझं बरोबर येत होतं," मी म्हटलं.

"थांबा हं," ती म्हणाली, आणि मुलांना काहीतरी लिहायला सांगितलं. परत फोनवर आली तेव्हा आवाज बदललेला होता. "मला हे लिहून पाठवाल का? कागदावर? मला घरी दाखवायचंय."

मी त्याच दिवशी लिहून पाठवलं. सही केली, रजिस्टरच्या पानांचे फोटो जोडले. एकदा ते पाठवल्यावर घरातल्या घरात काही मिटणार नव्हतं. तेच पत्र मी केंद्राच्या संशोधन समितीलाही दिलं. सर त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले.

ताई नाताळच्या सुट्टीत आली. मी तिला मेसेज करून विचारलं, भेटायला येऊ का. तिने लगेच लिहिलं, ये ना, आई आठवण काढते. समितीचं पत्र तिला तोवर मिळालं नव्हतं. मी मुद्दाम आधी गेले. मला तिचं तोंड बघायचं होतं.

राईला उतरले तर घरासमोरच्या शेताच्या जागी पत्र्याचं कुंपण आलं होतं. ताई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. थोडी जाड झाली होती, केस कापले होते. मला मिठी मारली. मी म्हटलं, "बाहेर जाऊ या जरा." आम्ही खाडीच्या बंधाऱ्यावर गेलो. भरती होती.

"ताई, त्या व्हायलमध्ये खूण नव्हती," मी म्हटलं.

तिने पाण्याकडे बघत विचारलं, "कधी कळलं?"

काय म्हणतेस, असं नाही. कसं शक्य आहे, असंही नाही. माझ्या मनात कुठेतरी तिच्यासाठी एक जागा उरली होती, की कदाचित तिच्याही नकळत झालं असेल. ती त्या दोन शब्दांत संपली.

"टाकी कोरडी पडली तेव्हा तुझी पाळी होती."

"दादा हॉस्पिटलमध्ये होते." ती वडिलांना दादा म्हणते. "अटॅक आला होता. मी मीरा रोडला रोज तिथेच. टेम्पोला फोन करायचा राहून गेला. परत आले तर सगळं गेलेलं."

"सरांना सांगायचं. नव्या मागवल्या असत्या."

"सहा महिने लागले असते यायला. पेपर परत आला होता गं. जर्नलवाल्यांना एक प्रयोग पुन्हा करून हवा होता. तिकडची जागा ठरलेली. मी जुन्याच आकड्यांत थोडे फेरफार करून पाठवले. आधीचं सगळं खरं आहे. शप्पथ."

"असेल. मला का दिल्यास?"

"सर म्हणाले ना, पुढची मुलगी यावरच काम करणार. मी काय बोलणार होते? मला वाटलं, तू पहिल्याच महिन्यात तपासशील. तुला कळेल. गोठवताना चूक झाली असेल म्हणून सोडून देतील सगळे." ती माझ्याकडे वळली. "तू तपासलंच नाहीस."

"तू दिल्या होत्यास म्हणून नाही तपासलं."

"आणि मला औषध घालू नको म्हणालीस. म्हणजे मी तपासू नये, हेच बघितलंस ना? आणि सरांना लिहिलंस की माझा हात बसलेला नाही."

"ते लिहायला नको होतं."

"का लिहिलंस?"

तिला रडू फुटलं. "त्यांनी विचारलं, पेशींमध्ये काही असेल का. मी घाबरले. दुसरं काय सांगणार? आणि तू दर वेळी मलाच विचारायचीस. एकदा जरी दुसऱ्या कुणाला विचारलं असतंस..."

मी तिला पुण्याच्या मुलीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, तिचं मला माहीत नव्हतं. बहुतेक ते खरं होतं. मी समितीला पत्र दिल्याचंही सांगितलं. तेव्हा तिचं रडणं थांबलं आणि तिने ओढणीने तोंड पुसलं.

"माझ्याशी आधी बोलायचं होतंस," ती म्हणाली. "मी तुला एवढं शिकवलं."

हे तिने खरंच म्हटलं. अजूनही, भांडी घासताना किंवा रिक्षाची वाट बघताना, मी तिला त्यावर काहीबाही उत्तरं देत असते.

बंधाऱ्याच्या टोकाला तिची आई हाक मारायला आली होती. "चला गो जेवाया. कवाची थांबलीय मी." तिला नाही म्हणता आलं नाही. मी पानावर बसले आणि जेवले. ताई समोर बसली होती. आईने दोघींना वाढलं, मला जास्त. काय झालंय ते तिला माहीत नव्हतं आणि तिला ते सांगणारी मी कोण. निघताना ताई दारापर्यंत आली नाही.

समितीने चार महिने घेतले. निकालात लिहिलं की पेशींच्या साठवणुकीत अनवधानाने लेबलची चूक झाली. पेपरमधला शेवटचा प्रयोग मागे घेतल्याची छोटी दुरुस्ती छापून आली, खाली सर आणि ताई दोघांची नावं. ताईची नोकरी राहिली. अनवधानाने हा शब्द कुणी घातला, ते मी बाईंना विचारलं. त्यांनी नुसता वरच्या दिशेने हात केला. पुण्याच्या मुलीने मला कळवलं की तिच्या जुन्या गाइडने माफी मागितली आणि परत ये म्हणाले. ती गेली नाही. घरी मात्र तिने ते पत्र दाखवलं.

मला एक वर्ष वाढवून मिळालं आणि नवा विषय. आता उंदराच्या लिम्फोमाचीच दुसरी एक लाइन, बी पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, पेशींच्या बँकेतून नव्याने मागवलेली. ती आली त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते ती नक्की तीच लाइन आहे का हे बघणाऱ्या तीन चाचण्यांचं. नवीन आलेल्या मुलींनाही मी तेच करायला लावते, आणि मी दिलेल्या व्हायलसाठी तर आधी. त्यांना ते विचित्र वाटतं. एकीने विचारलंही, "मॅम, तुमच्यावरपण विश्वास ठेवायचा नाही?" मी म्हटलं, चाचणी कर आणि मला दाखव.

या वर्षी माझी पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध नीट वाचला होता. त्यांनी पहिल्या प्रकरणाचं पान उघडून विचारलं, "तीन वर्षांनी विषय बदललेला दिसतोय. का?"

सर माझ्या डाव्या बाजूला बसले होते. त्यांनी समोरचे कागद सरळ केले.

"माझ्याकडे ज्या पेशी होत्या त्या वेगळ्याच निघाल्या," मी म्हटलं. "मला ज्यांनी दिल्या त्यांना ते माहीत होतं."

परीक्षक बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि बी पेशींच्या प्रकरणावर आल्या. पुढचा तासभर त्यांनी मला सोडलं नाही. मला सगळी उत्तरं आली असं नाही, पण बहुतेक आली.

खाली उतरले तर बाबा गेटजवळ उभे होते. मी त्यांना येऊ नका म्हणाले होते. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सर काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले," मी म्हटलं. बाबांनी रिक्षाला हात केला.